निर्णय आईचा, झोप अंड्याची: रेशीमकिड्याच्या सुप्तावस्थेमागची संप्रेरके आणि जनुके

तुतीची पाने खाणाऱ्या रेशीमकिड्याच्या, म्हणजे बॉम्बिक्स मोरी या पतंगाच्या, अंड्यापुढे दोन वाटा असतात. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेले अंडे एकतर अखंड वाढत जाते आणि साधारण दहा दिवसांत त्यातून अळी बाहेर पडते. नाहीतर पहिले दोन दिवस वाढून ते थांबते आणि मग त्याच उबेत महिनोन्महिने ठेवले तरी फुटत नाही. या थांबण्याला सुप्तावस्था म्हणतात. गारठ्याने सुस्तावणे वेगळे आणि ही सुप्तावस्था वेगळी. गारठ्याने सुस्तावलेला किडा ऊब मिळताच हालचाल करू लागतो. सुप्त अंडे मात्र उबेला दाद देत नाही. ते जागे व्हायला आधी दीर्घकाळ थंडी सोसावी लागते, त्यानंतरच ऊब कामी येते.

हे उलटे वाटणारे वेळापत्रक चीन आणि जपानमधल्या हवामानाशी नेमके जुळते. तिथे हिवाळ्यात तुतीची पाने गळून जातात. शरद ऋतूत घातलेले अंडे त्याच उबदार आठवड्यात फुटले, तर अळीला थोड्याच दिवसांत खायला काही उरणार नाही. म्हणून अंडे उन्हाळ्याच्या शेवटच्या उबेवर विश्वास ठेवत नाही. हिवाळा येऊन गेल्याची खूण पटल्यावरच पुढची ऊब वसंताची आहे असे ते धरून चालते.

दोन्ही प्रकारची अंडी डोळ्यांनी ओळखता येतात. मादी पतंग कागदावर साधारण चारशे ते सहाशे अंडी घालते. ताजी असताना ती सगळी फिकट पिवळी, खसखशीच्या दाण्यापेक्षा किंचित मोठी असतात. थेट फुटणारी अंडी अळी बाहेर पडायच्या आदल्या दिवसांपर्यंत पिवळीच राहतात. सुप्त होणारी अंडी दुसऱ्या दिवसापासून तांबूस दिसू लागतात आणि काही दिवसांत करड्या-तपकिरी, जांभळट छटेवर स्थिरावतात. हा रंग अंड्याच्या कवचाचा नाही. कवचाखाली गर्भाला आणि पीतकाला वेढणारा पेशींचा पातळ थर असतो, त्यात ओमोक्रोम नावाची रंगद्रव्ये साठतात आणि ती पारदर्शक कवचातून दिसतात. रंगद्रव्यासाठी लागणारा कच्चा माल मात्र आईच्या पोटातच अंड्यात भरलेला असतो. पुढच्या साऱ्या गोष्टीचा गाभा इथेच आहे.

आतला गर्भ थांबतो तो अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर. शरीराचा पट्टा नुकताच तयार झालेला असतो, डोके व शेपटीकडची टोके ओळखू येतात, पण पाय, तोंडाचे अवयव, मज्जासंस्था यांचा अजून पत्ता नसतो. गर्भाच्या पेशींनी आपल्या डीएनएची दुसरी प्रत काढून ठेवलेली असते, पण विभाजन झालेले नसते. विभाजनाच्या उंबरठ्यावरच पेशीचक्र रोखले जाते. अंड्याचा ऑक्सिजनचा वापरही पार खाली येतो.

रेशीमकिड्याच्या जाती याच गुणावरून वेगळ्या ओळखल्या जातात. वर्षाला एकच पिढी होणारी ती एकवार जात. तिची अंडी प्रत्येक पिढीला सुप्त होतात. पिढ्यांमागून पिढ्या न थांबता चालू राहणारी ती बहुवार जात. कर्नाटकातली ‘प्युअर म्हैसूर’ आणि बंगालमधली ‘निस्तारी’ या अशाच जाती. या उष्ण प्रदेशांत तुती बारा महिने हिरवी असते, त्यामुळे थांबण्याची गरजच पडत नाही. या दोन टोकांच्या मध्ये दुबार जात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यातले बायव्होल्टाइन. ती कधी सुप्त अंडी घालते, कधी न थांबणारी. कधी काय घालायचे हे कसे ठरते, या प्रश्नानेच संशोधकांना सुप्तावस्थेच्या मुळापर्यंत नेले.

दुबार जातीत मादीने कोणती अंडी घालावी हे ती स्वतः अंड्यात असतानाच्या तापमानावर आणि उजेडावर ठरते. अंडी २५ अंशांना आणि उजेडात उबवली, तर त्यांतून वाढलेल्या माद्या पुढे सुप्त अंडी घालतात. तीच अंडी १५ अंशांना आणि अंधारात उबवली, तर त्यांतून वाढलेल्या माद्यांची अंडी न थांबता फुटतात. जपानमध्ये कोगुरे यांनी तापमान आणि प्रकाश यांच्या या परिणामांचा सविस्तर अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही खुणांत तापमान अधिक प्रबळ. तापमान मधल्या पातळीवर असले की दिवसाची लांबी निर्णायक ठरते.

निसर्गाच्या क्रमात हे बसवून पाहिले की त्यामागचा हिशेब लक्षात येतो. वसंताच्या सुरुवातीला, हवा थंड आणि दिवस लहान असताना ज्या अंड्यांत गर्भ वाढतो, त्यांतल्या माद्या उन्हाळ्याच्या तोंडावर अंडी घालतात. पुढे तुतीचे दिवस भरपूर असतात, म्हणून ही अंडी लगेच फुटलेली बरी. ही दुसरी पिढी गर्भावस्थेत असते ती ऐन उन्हाळ्यात, लांब दिवसांत. तिच्यातल्या माद्या अंडी घालतील तेव्हा थंडी दारात आलेली असेल, म्हणून त्यांची अंडी सुप्त हवीत. गर्भाला जाणवलेली खूण अशी पुढच्या पिढीच्या कामी येते. मधल्या काळात ती मादी अंड्यातून निघते, चार वेळा कात टाकते, कोष विणते, प्युपा होते आणि पतंग बनते. दीड-दोन महिने आणि शरीराचे संपूर्ण रूपांतर होऊनही ती खूण पुसली जात नाही.

आईच्या शरीरातून ही आज्ञा अंड्यापर्यंत कोण नेते, याचे उत्तर १९५१ मध्ये जपानमध्ये मिळाले. हासेगावा आणि फुकुदा या दोन शास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे प्युपावर शस्त्रक्रिया करून ते शोधले. कीटकाच्या डोक्यात मेंदूच्या खाली, अन्ननलिकेच्या पोटाकडच्या बाजूला, मज्जापेशींची एक गाठ असते. तिला अधोग्रसिका गुच्छिका म्हणतात. मेंदू आणि ही गाठ अन्ननलिकेच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या मज्जातंतूंनी जोडलेले असतात. सुप्त अंडी घालणाऱ्या वाणाच्या मादी प्युपामधून ही गाठ काढून टाकली, तर तिची अंडी सुप्त होत नाहीत. उलट, न थांबणारी अंडी घालणाऱ्या मादीच्या शरीरात दुसऱ्या प्युपाची गाठ रोपली, तर तिची अंडी सुप्त होतात. रोपलेल्या गाठीला नव्या शरीरात मज्जातंतूंची जोडणी नसते. तरीही परिणाम होतो, म्हणजे गाठीतून काहीतरी रक्तलसिकेत सुटते आणि अंडाशयापर्यंत पोहोचते. या द्रव्याला सुप्तावस्था संप्रेरक असे नाव मिळाले.

या प्रयोगमालिकेतले दोन निष्कर्ष विशेष विचार करायला लावणारे आहेत. नराच्या शरीरातली गाठ रोपली तरी चालते. नर अंडी घालत नाही, पण संप्रेरक त्याच्याही गाठीत असते. दुसरा निष्कर्ष अधिक खोल जातो. न थांबणारी अंडी घालणाऱ्या मादीची गाठसुद्धा रोपल्यावर काम करते. म्हणजे अशा मादीकडे संप्रेरकाचा तुटवडा नसतो, ते बाहेर सोडले जात नाही एवढेच. तिच्या मेंदूपासून गाठीकडे जाणारे मज्जातंतू कापले की संप्रेरक सुटू लागते आणि तिचीही अंडी सुप्त होतात. मेंदू या गाठीवर हात ठेवून असतो. गर्भावस्थेत थंडी आणि अंधार अनुभवलेल्या मादीत तो हात उचलला जात नाही.

संप्रेरकाचे अस्तित्व कळले तरी त्याची रासायनिक ओळख पटायला आणखी चाळीस वर्षे गेली. रेशीमकिड्याच्या शरीरातली संप्रेरके इतक्या सूक्ष्म प्रमाणात असतात की ती शुद्ध करणे म्हणजे एका पिढीचे काम. कात टाकण्याचे संप्रेरक, एकडायसोन, १९५४ मध्ये बुटेनांट आणि कार्लसन यांनी जर्मनीत वेगळे केले तेव्हा ५०० किलो प्युपांमधून अवघे २५ मिलिग्रॅम हाती लागले होते. सुप्तावस्था संप्रेरकाची रचना १९९१ मध्ये स्पष्ट झाली. ते २४ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी, म्हणजे पेप्टाइड, निघाले. तिच्या शेवटच्या पाच अमिनो आम्लांचा क्रम विशेष महत्त्वाचा असतो आणि अगदी टोकाला एक अमाइड गट जोडलेला असतो.

पाठोपाठ या पेप्टाइडचे जनुक सापडले आणि एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले की हे जनुक एकट्या सुप्तावस्था संप्रेरकाचे नाही. त्यापासून आधी १९२ अमिनो आम्लांचे एक मोठे प्रथिन बनते आणि मग ते ठरावीक ठिकाणी कापले जाऊन त्याची पाच पेप्टाइडे होतात. त्यांतले एक सुप्तावस्था संप्रेरक. दुसरे ३३ अमिनो आम्लांचे पेप्टाइड मादी पतंगाच्या ग्रंथीला कामगंध बनवायला लावते, ज्याच्या वासावर नर खेचला जातो. एका पिढीला जोडीदार मिळवून देणारे आणि पुढच्या पिढीला झोपवणारे अशी दोन्ही संप्रेरके एकाच जनुकातून येतात. पाचही पेप्टाइडांची शेपटी जवळजवळ सारखी असते, म्हणून मोठ्या मात्रेत दिल्यास ती एकमेकांची कामे काही प्रमाणात करतात. शरीरात मात्र गोंधळ होत नाही. गाठीत हे जनुक मोजक्या बारा पेशींत चालू असते आणि त्या तीन गटांत विभागलेल्या असतात. सुप्तावस्था संप्रेरक सोडण्याचे काम मुख्यतः सर्वांत मागच्या गटातल्या दोनच पेशी करतात. अंडाशयावर ते ओळखणारा खास ग्राही असतो. संप्रेरकाचे किंवा ग्राहीचे जनुक मुद्दाम बिघडवलेल्या रेशीमकिड्यांची अंडी सुप्त होत नाहीत, हे २०१५ मध्ये जनुक-संपादनाच्या तंत्राने दाखवण्यात आले. हासेगावा आणि फुकुदा यांनी चिमट्याने गाठ काढून जे दाखवले होते, तेच आता एकेका जनुकाच्या पातळीवर सिद्ध झाले.

संप्रेरक गर्भावर थेट काम करत नाही, कारण ते सुटते तेव्हा गर्भ अस्तित्वातच नसतो. प्युपा अवस्थेत मादीच्या अंडाशयात अंडपेशी फुगत असतात, त्यांत पीतक भरले जात असते. याच काळात संप्रेरक अंडाशयाच्या ग्राहींना चिकटते. त्याच्या प्रभावाने अंडाशयात ट्रेहालेज नावाच्या विकराचे प्रमाण वाढते. कीटकांच्या रक्तलसिकेतली मुख्य साखर ट्रेहालोज. हा विकर ती फोडून ग्लुकोज करतो आणि अंडपेशी त्यापासून ग्लायकोजेनचा मोठा साठा करतात. सोबत रंगद्रव्यासाठीचा कच्चा मालही भरला जातो. त्यामुळे सुप्त होणार असलेले अंडे घातले जाते तेव्हाच ते दुसऱ्या प्रकारच्या अंड्यापेक्षा रासायनिकदृष्ट्या वेगळे असते, जरी वरून दोन्ही सारखीच पिवळी दिसत असली तरी.

अंडे घातल्यानंतर या साठ्याचे काय होते हे चिनो यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवले. सुप्तावस्था सुरू होताना ग्लायकोजेन भराभर घटते आणि त्याच्या जागी सॉर्बिटॉल व ग्लिसरॉल ही अल्कोहोल गटातली गोड द्रव्ये जमतात. अंडी गोठू नयेत आणि थंडीत पेशी टिकाव्यात यासाठी ती उपयोगी पडतात. सुप्तावस्था संपताना क्रिया उलटी फिरते: सॉर्बिटॉलपासून पुन्हा ग्लायकोजेन बनते आणि गर्भाच्या वाढीला इंधन मिळते. थंडीपासून बचाव हे सॉर्बिटॉलचे एकच काम असावे असे बराच काळ समजले जात होते. पुढे सुप्त अंड्यातला गर्भ बाहेर काढून पोषक द्रावणात वाढवण्याचे प्रयोग झाले. अंड्यातून सुटका झालेला गर्भ वाढू लागतो, पण द्रावणात सॉर्बिटॉल घातले की तो थांबतो. म्हणजे झोपेत रक्षण करणारे द्रव्यच झोप टिकवून ठेवण्यातही सहभागी असते.

एकडायसोनचाही यात भाग आहे. आई अंड्यांत या संप्रेरकाचा साठा फॉस्फेट गटाला बांधून ठेवते. त्या रूपात ते निष्क्रिय असते. न थांबणाऱ्या अंड्यांत एक विकर हा फॉस्फेट गट तोडतो, मोकळे झालेले संप्रेरक सक्रिय होते आणि गर्भाची वाढ पुढे सरकते. सुप्त अंड्यांत ही मोकळीक मिळत नाही आणि सक्रिय संप्रेरकाची पातळी खालीच राहते.

आता मूळ प्रश्न: गर्भाला तापमान कळते कसे, आणि ते लक्षात राहते कसे? पहिल्या भागाचे उत्तर बरेच स्पष्ट आहे. प्राण्यांच्या पेशींच्या आवरणात आयनांची ये-जा नियंत्रित करणाऱ्या वाहिन्या असतात आणि त्यांतल्या काही तापमानानुसार उघडतात. ट्रपए१ ही त्यांपैकी एक. रेशीमकिड्यात ती साधारण २१ अंशांच्या वर उघडते, म्हणजे १५ आणि २५ यांच्या नेमकी मध्ये. जपानमधल्या शिन्शू विद्यापीठातल्या शिओमी यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की गर्भात या वाहिनीचे जनुक दाबून टाकले, तर २५ अंशांना उबवलेल्या अंड्यांतल्या माद्याही न थांबणारी अंडी घालू लागतात. ऊब असते, पण ती गर्भाला कळलेली नसते. दिवसाची लांबी ओळखण्यासाठी दैनंदिन जैविक घड्याळाची जनुके लागतात. ती बिघडवली तर दिवस लहान की मोठा हा भेद मादीच्या अंड्यांत उमटत नाही.

दुसऱ्या भागाचा धागा मेंदूतून जातो. मेंदूने गाठीवर ठेवलेला हात म्हणजे नेमके काय, याचा उलगडा २०२१ मध्ये त्याच गटाच्या कामाने पुष्कळ पुढे नेला. गाबा हे मज्जासंस्थेतले सर्वपरिचित शमन करणारे रसायन इथे रोखण्याचे काम करते, तर कोराझोनिन नावाचे पेप्टाइड सुप्तावस्था संप्रेरक सोडण्याला चालना देते. गर्भावस्थेतल्या तापमानानुसार या दोघांचा तोल वेगवेगळा लागतो आणि प्युपा अवस्थेत तो तोल संप्रेरक सुटणार की अडकून राहणार हे ठरवतो. कोराझोनिन हे पेप्टाइड माणसासह पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतल्या, प्रजननाला चालना देणाऱ्या एका मेंदू-संप्रेरकाच्या कुळातले आहे. ऋतूनुसार प्रजनन जुळवून घेण्याची यंत्रणा किती जुनी असावी याचा हा एक बोलका पुरावा मानावा लागेल.

जातीजातींतला फरक जनुकांत असतो, आणि इथे रेशीमकिड्याने आनुवंशशास्त्राला एक मोलाचा धडा दिला. तोयामा कामेतारो यांनी १९०६ मध्ये रेशीमकिड्याच्या संकरांवरून मेंडेलचे नियम कीटकांनाही लागू असल्याचे दाखवले. पुढे त्यांना असेही आढळले की अंड्याचे काही गुण अंड्याच्या स्वतःच्या जनुकांवरून ठरत नाहीत, ते आईच्या जनुकांवरून ठरतात. सुप्तावस्था हा त्यांतला ठळक गुण. कारण आता उघड आहे: अंडे सुप्त व्हावे म्हणून जे काही करायचे ते आईच्या शरीरात, आईच्या संप्रेरकाने केलेले असते. बापाची जनुके शुक्राणूंतून येतात तेव्हा अंड्याचा साठा भरून झालेला असतो.

याचा व्यवहारातला परिणाम भारतातल्या बीज निर्मितीत रोज दिसतो. प्युअर म्हैसूर मादी आणि दुबार जातीचा नर यांचा संकर केला, तर अंडी न थांबता दहा दिवसांत फुटतात, कारण आई बहुवार आहे. तोच संकर उलटा केला, मादी दुबार आणि नर बहुवार घेतला, तर जनुके तीच असूनही अंडी सुप्त होतात. कर्नाटकात वर्षानुवर्षे चाललेला संकर पहिल्या प्रकारचा आहे. त्याची अंडी जागी करण्याचा खटाटोप करावा लागत नाही.

संकरातल्या मुली मोठ्या होऊन अंडी घालतात तेव्हा मात्र बापाचे दान पुढे येते. पतंगांत लिंगनिश्चिती माणसाच्या उलट असते. नराकडे दोन झेड गुणसूत्रे, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणून मुलीला तिचे एकमेव झेड गुणसूत्र बापाकडूनच मिळते. वर्षाला पिढ्या किती होणार यावर प्रभाव टाकणारी काही जनुके झेडवर आहेत आणि त्यांचा संबंध अळीच्या परिपक्वतेच्या वेगाशीही लागतो; इतर गुणसूत्रांवरची जनुकेही यात भर घालतात. म्हणजे वार ठरवणारे असे एकच जनुक नाही. आईचा निर्णयही शेवटचा शब्द नसतो, हे एका उत्परिवर्तित वाणाने दाखवून दिले. त्याची अंडी सुप्त अंड्यांसारखी रंग धरतात, पण गर्भ थांबत नाही, वाढून फुटतो. आईने केलेली तयारी पूर्ण असते, रंगासकट. तरीही थांबायला गर्भाच्या बाजूने जे लागते ते तिथे नसते. रंग आणि थांबणे हे एकाच आज्ञेचे दोन वेगळे परिणाम आहेत, हे या वाणावरून कळते.

सुप्तावस्था मोडण्याचे नैसर्गिक साधन म्हणजे थंडी. साधारण ५ अंशांना दोन-तीन महिने राहिल्यावर अंड्यातली अडवणूक सैल होते. थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात हा सर्वसाधारण अनुभव, पण इथे काही जनुके नेमकी थंडीतच चालू होतात. सॉर्बिटॉलचे पुन्हा ग्लायकोजेन करण्याच्या वाटेवरल्या विकराचे जनुक त्यांतले एक. पेशींना वाढीचा संदेश देणारी ईआरके नावाची संदेशसाखळीही थंडीनंतर जागी होते. थंडीचे दिवस मोजले कसे जातात हा फार सुंदर प्रश्न आहे. तोत्तोरी विद्यापीठातल्या काई यांनी अंड्यांतून एक प्रथिन वेगळे केले, ज्याची क्रियाशीलता थंडीत ठरावीक दिवसांनी एकाएकी उसळते. शुद्ध केलेले हे प्रथिन परीक्षानळीत थंड ठेवले तरी तेच होते. गर्भ नाही, पेशी नाहीत, तरी काळ मोजला जातो.

रेशीम व्यवसायाला मात्र निसर्गाच्या हिवाळ्यासाठी थांबणे परवडत नाही. त्यासाठी दोन उपाय वापरले जातात. पहिला शीतगृहाचा. अंडी काही आठवडे उबेत ठेवून मग टप्प्याटप्प्याने २०, १५, १० अशी खाली आणत ५ अंशांवर आणि शेवटी त्याहून कमी तापमानावर नेली जातात. अंडी कधी लागणार यानुसार चार, सहा किंवा दहा महिन्यांचे वेळापत्रक आखले जाते. दुसरा उपाय हायड्रोक्लोरिक आम्लाचा, आणि तो पाहणाऱ्याला चकित करणारा आहे. अंडी घालून साधारण २० ते २४ तास झाले असताना, म्हणजे गर्भ थांबण्याआधी, अंड्यांचा कागद १.०७५ विशिष्ट गुरुत्वाच्या आणि ४६ अंश तापवलेल्या आम्लात सुमारे पाच मिनिटे बुडवतात. त्याआधी अंडी कागदावरून सुटू नयेत म्हणून ती फॉर्मॅलिनच्या पातळ द्रावणात भिजवलेली असतात. मग वाहत्या पाण्यात आम्लाचा अंश जाईपर्यंत धुणे, लिटमस कागदाने खात्री करणे आणि सावलीत वाळवणे. वेळ चुकली तर सगळे फुकट जाते. अंडी फार ताजी असली तर मरतात आणि रंग धरू लागल्यावर बुडवली तर नीट फुटत नाहीत. एवढ्या तीव्र आम्लातून सुखरूप निघालेली अंडी साधारण दहा दिवसांत फुटतात. आम्लानेही गर्भात तीच ईआरके साखळी चालू होते जी थंडीने होते, त्यामुळे दोन इतक्या वेगळ्या वाटा एकाच दाराशी पोहोचतात.

महाराष्ट्रात तुती रेशमाचे पीक आता प्रामुख्याने दुबार जातींच्या संकरांवर घेतले जाते, कारण त्यांच्या कोषाचा धागा लांब आणि दर्जेदार असतो. मराठवाड्यातला शेतकरी अंडीपुंज मागवतो, किंवा चॉकी केंद्रातून दुसऱ्या कातीपर्यंत वाढवलेल्या अळ्या घेतो, तेव्हा ती सगळी अंडी एकाच दिवशी फुटावीत ही त्याची पहिली अपेक्षा असते. दोन-तीन दिवस मागेपुढे फुटलेल्या अळ्या पुढे एकाच वेळी कात टाकत नाहीत, पाने वाया जातात आणि कोष एकसारखे येत नाहीत. ही एकसारखी फूट म्हणजे अंडीपुंज निर्मिती केंद्रात सुप्तावस्था किती नेमकेपणाने मोडली गेली याचीच परीक्षा. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजला असे शासकीय केंद्र आहे.

सुप्तावस्थेचा टप्पा प्रत्येक रेशीमकिड्यात सारखा नसतो. विदर्भात भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचा किडा, अँथेरिया मायलिट्टा, वाढवला जातो. त्याचे अंडे थांबत नाही, थांबतो तो कोषातला प्युपा. बियाण्याचे कोष उन्हाळाभर राखले जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्यांतून पतंग निघतात. प्युपाच्या झोपेमागची यंत्रणा हार्वर्डचे कॅरोल विल्यम्स यांनी १९४०च्या दशकात सेक्रोपिया या मोठ्या अमेरिकी रेशीमपतंगावर उलगडली. तिथे मेंदू गप्प असतो, म्हणून छातीतली ग्रंथी एकडायसोन सोडत नाही आणि विकास थांबतो. थंडी सोसलेला मेंदू सुप्त प्युपात रोपला की पतंग घडू लागतो. म्हणजे तुतीच्या किड्यात एक संप्रेरक सुटल्याने झोप येते, तर या पतंगांत संप्रेरक न सुटल्याने. जपानी ओकपतंगात तिसराच प्रकार आहे. अंड्यात अळी पूर्ण तयार होते आणि तशीच कवचाआड हिवाळा काढते. एरंडाच्या पानावर वाढणारा एरी मात्र कुठेच थांबत नाही.

सुप्तावस्था संप्रेरकाचे पेप्टाइडही फक्त तुतीच्या किड्यापुरते नाही. हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या, म्हणजे हेलिकोव्हर्पाच्या, कुळातल्या पतंगांत जवळजवळ असेच पेप्टाइड आहे, पण त्याचे काम उलटे. तिथे ते सुप्त प्युपाला जागे करते. त्यामुळे या पेप्टाइडसारखी कृत्रिम द्रव्ये बनवून जमिनीत दडलेल्या प्युपांना अवेळी उठवता येईल का, किंवा वेळेवर झोपण्यापासून रोखता येईल का, या दिशेने काम झाले आहे. हिवाळ्यात बाहेर पडलेल्या पतंगाला ना पीक मिळते ना ऊब. प्रयोगशाळेत अशी द्रव्ये टोचल्यावर प्युपांचा विकास सुरू होतो, पण शेतातल्या मातीत पेप्टाइड टिकत नाही आणि प्युपाच्या कवचातून सहज आत जात नाही. ही अडचण ओलांडण्यासाठी टोकाच्या पाच अमिनो आम्लांच्या तुकड्यात रासायनिक बदल करून अधिक टिकाऊ रूपे तयार केली जात आहेत.